मांजर असलेलं स्थळ

“मांजर आहे तुमच्याकडे?” मी दारातूनच विचारलं.

खरं तर विचारायची गरज नव्हती. शिवणाच्या मशीनवर, अर्धवट शिवलेल्या जांभळ्या ब्लाउजवर बूड टेकून एक पिवळा बोका बसला होता आणि आपल्या कचेरीत वर्दी न देता कोण शिरलं, अशा नजरेनं माझ्याकडे बघत होता.

“हा मामलेदार,” शैलजा डांगे म्हणाली. “या ना आत. उन्हाच्या आलात. पाणी आणते.”

माझ्यामागे माझे धाकटे दीर भालचंद्रभावजी उभे होते, हातात स्कूटरची किल्ली घेऊन. आम्ही दोघं स्थळ बघायला आलो होतो. भावजींसाठी नव्हे, उंदरांसाठी.

हे सगळं कसं झालं ते सांगते. आमच्या ह्यांच्या एका मित्राचं कऱ्हाडात माशांच्या टाक्यांचं दुकान होतं. दुकान बंद करताना त्यानं उरलेले दोन पांढरे उंदीर आमच्याकडे आणून ठेवले. “दोन्ही माद्या आहेत वहिनी, काही म्हणजे काही त्रास नाही.” महिना उलटायच्या आत तो नसलेला त्रास दहा-अकरा गुलाबी गोळ्यांच्या रूपानं पिंजऱ्यात वळवळायला लागला. मी बारावी शिकलेली, तीही कला शाखेतून. उंदीर कसे वाढवायचे हे मला कुणी शिकवलं नाही, उंदरांनीच शिकवलं. पिलं महिन्याची होऊन गेली की नर वेगळे काढायचे. उन्हाळ्यात वीण घ्यायची नाही. जी मादी कधी कुणाला चावली नाही तिचीच पिलं पुढे वाढवायची. चिडक्या बापाचं वाण पुढे न्यायचं नाही, एवढं तर मला माणसांकडे बघूनच आधी कळलेलं होतं.

नावं मी मसाल्याच्या डब्यातून काढायची. जिरं, मोहरी, ओवा, तीळ, खसखस. सगळ्यांची मूळ माउली जायफळ. तिच्या डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखा डाग होता.

आणि पिलांना घरं शोधायची, ही खरी मेहनत. कुणी मागायला आलं की मी रीतसर बोलावून घ्यायची, पोहे करायची, मांडीवर टॉवेल अंथरायला लावून त्यावर उंदीर ठेवायची. मग त्या माणसाच्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघायचं. तोंड गोड असतं हो सगळ्यांचंच. एकदा एक गृहस्थ आले, म्हणाले, दहा द्या एकदम. मी म्हटलं, नावं काय ठेवाल? ते माझ्याकडे बघतच राहिले. घरी साप पाळला असणार, दुसरं काय! भावजींनी त्यांना चहासुद्धा पूर्ण पिऊ दिला नाही.

हातांच्या परीक्षेत पास झालं की मी त्यांच्या घरी जाऊन यायची. एकटा उंदीर झुरतो, म्हणून कायम जोडी द्यायची. पिंजरा वाऱ्याच्या झोतात नको. आणि मांजराच्या घरी द्यायची नाही. ही शेवटची अट दगडावरची रेघ.

मला स्कूटर चालवता येत नसे, म्हणून भावजी सोबत. ते पोस्टात होते. आता निवृत्त व्हायला आलेत, तेव्हा चाळिशीला टेकले होते. सासूबाईंनी उंदीर खालच्या घरात ठेवू दिले नाहीत, म्हणून सगळे पिंजरे गच्चीवरच्या भावजींच्या खोलीत. साफसफाई तेच करायचे. संध्याकाळी पोस्टातून आले की शर्टाच्या खिशात एखादी मेथी नाहीतर हिंग घालून गच्चीत फेऱ्या मारत असायचे. “नाव गणपतीचं, उंदीर असायचाच,” असं हे म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

सासूबाईंना मात्र हसू येत नव्हतं. भावजी मुली बघायला जात तेव्हा बशीतल्या पोह्यांवरून नजर उचलत नसत. मुलीचा मामा विचारी, “आवडीनिवडी काय आपल्या?” आणि भावजी खरं सांगत. झालं! आठवड्याभरात निरोप येई, पत्रिका जुळत नाही.

“त्या उंदरांपायी माझ्या पोराचं लग्न राहिलं,” सासूबाईंनी त्या वर्षी गणपती उठल्यावर जाहीर केलं. “हे बघ सूनबाई, दसऱ्यापर्यंत त्याचं कुठं जमलं नाही, तर ती सगळी पिलावळ घराबाहेर. जमलं, तर मग हत्ती पाळ.”

पिलांना कुणीतरी घेतलंच असतं. पण म्हातारी जायफळ आणि तिच्या दोन थोराड लेकी? अशांना कोण घेणार? पिंजऱ्यापाशी गेलं की तिघी जाळीतून नाकं काढून माझी बोटं हुंगायच्या.

अशात शैलजाबाई आली. आमच्या शेजारणीचे ब्लाउज द्यायला आली होती, तिथून उंदरांचं कळलं म्हणून माझ्याकडे डोकावली. अडतिशीची, किरकोळ बांध्याची, गळ्यात माप घ्यायची टेप माळेसारखी. मेथीला मांडीवर घेतलं, तर मेथी दोन मिनिटांत कटकट कटकट दात वाजवत झोपली. उंदीर अगदी सुखात असला की तसे दात वाजवतो. इतके शांत हात मी बघितले नव्हते. मी मनात म्हटलं, हिंग आणि मेथी इथंच द्यायची. आणि घर बघायला आले, तर हा मामलेदार.

“दात नाहीत हो त्याला,” पाण्याचा तांब्या ठेवत शैलजा म्हणाली. “दुधात कुस्करलेली पोळी खातो.”

“नखं?”

“नखं आहेत.”

“मग?”

“आतल्या खोलीला दार आहे ना. कडी लावून ठेवीन.”

“दार एखाद दिवशी उघडं राहतं.”

“राहतं,” ती म्हणाली. खोटं बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी घर बघितलं. दोन खोल्या, मागं छोटं अंगण. चिंध्यासुद्धा रंगवार पिशव्यांत भरून ठेवलेल्या. उंदरांना बिछान्याला याहून चांगलं काय हवं? मला फार हळहळ वाटली. म्हटलं, एक विचारून बघावं. “हा बोका कुणाला देऊन टाकला तर? तुमच्या ओळखीत कुणी—”

“मग उंदीर नकोत मला,” ती ताडकन म्हणाली. “गटारातून काढलाय मी त्याला, एवढासा होता. आता म्हातारपणी कुठं पाठवू? तुम्ही पाठवाल?”

माझ्या डोळ्यांपुढं जायफळ आली. मनातून त्याच क्षणी मला ती पटली. मांजर सोडते म्हणाली असती, तर मी तिला उंदराचं शेपूटसुद्धा दिलं नसतं. जी बाई उंदरासाठी मांजर सोडेल ती उद्या आणखी कशासाठी उंदीर सोडेल. म्हणजे बघा, कऱ्हाडातलं सगळ्यात चांगलं घर सापडलं होतं आणि तिथंच मला पिलं देता येत नव्हती.

“शर्टात काय शोधतोय हा?” इतक्यात शैलजा म्हणाली.

बघते तर मामलेदार मशीनवरून उतरून भावजींच्या मांडीवर चढलेला आणि त्यांच्या खिशात नाक खुपसून बसलेला! “भावजी! खिशात कोण आहे?”

“कोणी नाही वहिनी. वास येतोय त्याला.” त्यांनी बोक्याच्या हनुवटीखाली बोट घातलं. आणि मग, ज्या माणसानं आजवर एकाही मुलीपुढं विचारल्याशिवाय एक शब्द काढला नव्हता, तो माणूस बोलायला लागला. “याचे दात गेले, आमच्या जायफळचं उलट. उंदराचे दात मरेपर्यंत वाढतच असतात. काहीतरी कुरतडायला द्यावं लागतं रोज. मी सुपारीचं खांड देतो नाहीतर नारळाची करवंटी. आणि हसतात, माहितीये? पोटाला गुदगुल्या केल्या की हसतात. आपल्याला ऐकू येत नाही एवढंच.”

“ऐकू येत नाही, मग हसतात हे कसं कळतं?” शैलजानं विचारलं.

“थांबलं की हात धरतात. परत कर म्हणून.”

ती हसली. तिनं पुढं ठेवलेले पोहे भावजींच्या बशीत गार होऊन गेले, आणि ते बोलतच होते. मीच शेवटी म्हटलं, “निघू या का? दुपार कलली.”

परत येताना आमची गल्ली मागे पडली तरी स्कूटर पुढेच चालली.

“भावजी, गल्ली गेली.”

“हां.” थोडं पुढं जाऊन त्यांनी स्कूटर वळवली. घरापाशी आल्यावर म्हणाले, “वहिनी, स्थळ चांगलं होतं.”

“मांजर आहे.”

“मांजर चांगलं आहे,” ते म्हणाले, आणि जिना चढून गेले.

त्या आठवड्यात माझ्या बदामी ब्लाउजची पाठीची शिवण उसवली. भावजी म्हणाले, पोस्टाच्या वाटेवरच आहे, देतो टाकून. चार दिवसांनी त्याच ब्लाउजची बाही उसवली. नंतर हुकाची पट्टी. मी तो ब्लाउज मधल्या काळात एकदाही घातला नव्हता, पण कशाला विचारा? दोन अनोळखी उंदीर एकत्र आणायचे, तर एकदम एका पिंजऱ्यात टाकून चालत नाही. आधी याचं फडकं त्याच्याकडे, त्याचं याच्याकडे. वासाची ओळख होऊ द्यायची. घाई केली की रक्त निघतं. मी आपला दुसरा ब्लाउज काढून कोनाड्यात ठेवला, सहज हाताशी येईल असा.

दसरा आठवड्यावर आला तेव्हा मी सासूबाईंच्या कानावर घातलं. त्यांना एवढा आनंद झाला की बाई कोण, कुठली, तिला काय येतं, काही न विचारता त्यांनी डब्यातला बेदाणा काढून शिऱ्याची तयारी केली. “उंदरांचं माहीत आहे ना तिला?” एवढंच विचारलं.

“उंदरांसाठीच आली होती ती.”

“अगंबाई,” सासूबाई म्हणाल्या, आणि देवाला हात जोडले.

रविवारी शैलजा आली, सोबत तिची आत्या. शिरा झाला, चहा झाला. हे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. भावजी बशीकडे. सासूबाईंनी सगळं मनासारखं विचारून घेतलं आणि म्हणाल्या, “मग काय, तुळशीचं लग्न झालं की पहिला मुहूर्त धरू. मशीन ठेवायला माझ्या खोलीत जागा करू.”

“मशीन तिथंच राहील,” शैलजा म्हणाली.

“कुठं?”

“माझ्या घरी. एकेक ब्लाउज शिवून घेतलंय मी ते घर. गिऱ्हाइकं तिथं, मशीन तिथं, माझं मांजर तिथं. मी तिथून हलणार नाही, ते आधीच सांगते. मागाहून कटकट नको.”

“म्हणजे? लग्न झाल्यावरसुद्धा?”

“हो.”

“आणि नवरा कुठं राहणार?”

“येईल ना तिथं. दार आहे घराला.”

आत्यानं कपाळाला हात लावला. तिला हे नवीन नसावं. सासूबाईंचा चेहरा आधी गोरामोरा झाला, मग लाल. “आमच्यात मुलगी घेतात बाई. मुलगा देत नाहीत.”

“बरोबर आहे,” शैलजा शांतपणे म्हणाली. कप खाली ठेवला, पदर सारखा केला आणि उठली. “शिरा छान होता.”

मी भावजींकडे बघितलं. त्यांनी मान वर केली नव्हती, चमच्यानं बशीतला एकच बेदाणा इकडून तिकडे ढकलत होते. माणूस आता काही बोलणार नाही, हे मला कळलं. वरच्या खोलीत पिंजऱ्यांमध्ये जाऊन बसेल, आणि दसऱ्यानंतर तिथं पिंजरेही नसतील.

“मी देते,” मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे वळले.

“काय देतेस?” हे म्हणाले.

“या घरातून द्यायचं-घ्यायचं काम माझंच आहे ना? तर शैलजाबाई, तुमच्या घरी मांजर आहे. उंदीर मी देणार नाही. कितीही चांगलं घर असलं तरी नाही.” मी एक श्वास घेतला. “भावजी देते.”

“सूनबाई!” सासूबाई ओरडल्या.

“थांबा हो आई. भावजी, जाणार का?”

आणि भालचंद्रभावजींनी, इतक्या वर्षांच्या इतक्या बघण्यांत पहिल्यांदाच, बशीवरून मान वर केली. तोंडात शिऱ्याचा घास होता. तो तसाच ठेवून ते म्हणाले, “जाईन.” मग घास गिळून शैलजाला, “पण संध्याकाळी पिंजरे साफ करायला इथं येईन मी.”

“या की,” शैलजा म्हणाली. “मी काय बांधून ठेवणार आहे?”

उंदीर देताना मी शेवटी एक गोष्ट सांगते, ती सवयीनं माझ्या तोंडात आली. “आणि हे बघा, कधी नको झाले, तर—”

“परत आणणार नाही,” ती म्हणाली, आणि पुन्हा खाली बसली. “शिरा उरलाय का?”

सासूबाई पुढचे कितीतरी दिवस माझ्याशी सरळ बोलल्या नाहीत. शेजारणींना सांगायच्या, “हिला उंदीर घालव म्हटलं, तर पोरगा घालवला हिनं.” पण शब्दाला पक्क्या. लग्न जमलं होतं, त्यामुळे जायफळ आणि लेकी जागच्या जागी राहिल्या. हिंग आणि मेथी पण मी मग कुणाला दिली नाहीत.

लग्नानंतर भावजी पहिल्यांदा पिंजरे साफ करायला आले तो दिवस मला स्वच्छ आठवतो. शीळ घालत जिना चढले. मी खाली भाजी निवडत होते. थोड्या वेळानं वरून अगदी हळू हाक आली, “वहिनी…”

वर गेले. भावजी पिंजऱ्यात हात घालून उभे होते, आणि सगळे उंदीर पलीकडच्या कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसलेले. जायफळचे केस पिंजारून ती दुप्पट दिसत होती. मेथी, जी रोज त्यांच्या खिशात झोपायची, ती तर हिंगाच्या पोटाखाली तोंड खुपसून कापत होती.

“मांजराचा वास येतोय,” मी म्हटलं.

“मी हात धुतलेत साबणानं.”

“कपड्यांना येतोय. अंगाला येतोय.”

दुसऱ्या दिवशी ते पोस्टातून परस्पर आले, तरी तेच. तिसऱ्या दिवशी आमच्याकडे अंघोळ केली, तरी शर्ट तोच. मामलेदार शर्टांच्या घडीवर झोपायचा म्हणे. भावजी दारातच उभे राहिले, आत गेलेच नाहीत. “घाबरतात हो, वहिनी. कशाला त्रास द्यायचा? तुम्हीच बघा आता त्यांचं.” हसत म्हणाले, पण जिना उतरताना कठडा धरून उतरले.

मी शैलजाला काही बोलले नाही. नव्या संसारात कुठं मीठ कालवा? पण त्यांनीच सांगितलं असावं, किंवा न सांगता तिला कळलं असावं. त्यानंतरच्या गुरुवारी संध्याकाळी दोघंही आले. तिच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट बांधलेलं काहीतरी होतं.

“वहिनी, हा इथं खुंटीला राहू द्या,” तिनं पिशवी माझ्या हातात दिली. “नवं कापड आहे. आत्याकडे बसून शिवलाय, घरात नेलाच नाही. धुवायचाही इथंच. चालेल ना?”

पांढऱ्या पोपलीनचा शर्ट होता, अर्ध्या बाह्यांचा. खिसा चांगला खोल, आतून फ्लॅनेलचं अस्तर लावलेलं.

भावजी मोरीत जाऊन अंघोळ करून आले आणि शर्ट घालायला लागले. खांदे बरोबर बसले, लांबी बरोबर. पण गुंड्या काही लागेनात. उजवा हात सवयीनं गुंडीकडे जायचा, तिथं काज असायचं. शेवटी डाव्या हातानं धडपडत एकेक लावली आणि वर गेले. मी मागोमाग.

शैलजा जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबली.

“ये ना वर,” मी म्हटलं.

“नको. माझ्या अंगाला येतो ना वास.” तिनं कठड्याला हात टेकला. “मी इथूनच बघते.”

तिथून तिला काही दिसणं शक्य नव्हतं. खोलीचं दार वळणाच्या पलीकडे होतं. मी उंबऱ्यात उभी राहिले, दोघांच्या मध्ये.

भावजींनी पिंजऱ्याचं दार उघडून हात आत ठेवला, पालथा, नुसता. बराच वेळ काही नाही. मग जायफळ आली. बोटं हुंगली, मनगट हुंगलं, बाहीची कड हुंगली. तिच्यामागून मेथी. मेथीनं थोडी वाट बघितली, आणि मग हातावरून पळत दंडावर, दंडावरून खांद्यावर, आणि तिथून डोकं खाली करून सुळकन खिशात.

“आले का?” खालून आवाज आला.

“आले,” मी म्हटलं.

“खिशात बसली का कुणी?”

“मेथी बसली.”

खालून नाक ओढल्याचा आवाज तेवढा ऐकू आला. मग म्हणाली, “त्यांना सांगा वहिनी, गुंड्या उलट्या बाजूला बसल्यात. आयुष्यभर ब्लाउज शिवले, हाताला तेच वळण. शर्ट कधी शिवलाच नव्हता मी. काढून बदलून देते.”

मी आत वळले. भावजी हलत नव्हते. एक हात खिशाखाली धरलेला, खिशातून दात वाजल्याची कटकट कटकट येत होती.

“ऐकलं का? बदलून देते म्हणते.”

“राहू देत,” भावजी म्हणाले.